२५२० खास आहे, पण मेसेजमध्ये सांगितलेल्या कारणांसाठी नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: १ ते १० या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचं रहस्य ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने. भागाकार करून पाहिला की दहाही वेळा बाकी शून्य येते, म्हणून बाकीचंही लोक खरं धरतात.

‘एकमेव’ हे साफ चूक. २५२० च्या कुठल्याही पटीला तसाच भाग जातो आणि पटींना अंत नाही. एमएच ०४ च्या नंबरप्लेटची एक मालिका ९९९९ पर्यंत जाते; तेवढ्यातच असे तीन नंबर येतात: २५२०, ५०४० आणि ७५६०. घोडबंदर रोडला गाडी अडकली तर मुलांना शोधायला लावा.

२५२० चं खरं वेगळेपण हे की ती अशा संख्यांत सर्वांत लहान आहे. म्हणजे १ ते १० चा लसावि. तो काढताना मुलं हमखास २ × ३ × ५ × ७ = २१० लिहून मोकळी होतात. पण २१० ला ४ नेच भाग जात नाही. प्रत्येक मूळ संख्येचा १० च्या आतला सर्वांत मोठा घात घ्यावा लागतो: ८, ९, ५, ७. त्यांचा गुणाकार २५२०. पडताळायलाही दहा भागाकार नकोत, या चौघांनी भाग गेला की पुरे. ८ मध्ये २ आणि ४ आले, ९ मध्ये ३. मग ६ आणि १० आपोआप येतात.

कॅलेंडरचं ‘रहस्य’ इथेच उलगडतं. ३० × १२ = ३६०, आणि ३६० म्हणजे ८ × ९ × ५. कमी होता फक्त ७, तो आठवड्यातून आला. शिवाय वर्षाच्या दिवसांना आठवड्याच्या दिवसांनी गुणून नक्की काय मोजलं? खरं वर्ष घ्या: ७ × ३६५ = २५५५. याला २ नेही भाग जात नाही.

राहिले रामानुजन. लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे, आणि आपल्याकडे इ.स. ८५० च्या सुमारास गणिती महावीराचार्यांनी ‘निरुद्ध’ या नावाने ती दिली. त्यांचं श्रेय त्यांना मिळायला हवं. रामानुजन यांचं काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. २५२० त्यांतलीच एक. तिचे विभाजक मोजायचे तर २५२० = २³ × ३² × ५ × ७ असं मांडा, प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा: ४ × ३ × २ × २ = ४८. २५२० हून लहान कुठल्याही संख्येला ४८ विभाजक नाहीत.

अशा १०२ संख्यांचा तक्ता त्यांनी दिला, ६७४६३२८३८८८०० पर्यंतचा, कॉम्प्युटर नसताना. त्यातून एकच निसटली: २९३३१८६२५६००. तिचे अवयव २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९, म्हणून विभाजक ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ = ५०४०.