घरबसल्या लष्करासाठी सॅटेलाइट फोटो तपासायचे? अशी नोकरी नाही

"मामा, हे भरू का?" एवढंच लिहून भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. मजकूर असा: 'भारतीय लष्कराला पार्ट-टाइम सॅटेलाइट इमेज ॲनालिस्ट पाहिजेत. बारावी पास चालेल. १५ दिवसांचा ऑनलाइन कोर्स, नोंदणी २,४९९ रुपये. नंतर घरबसल्या रोज २ तास काम, महिना ३५ हजार. अमेरिकेत हे कधीचं चालू आहे. निवडीसाठी आपल्या भागातले पूल, रेल्वे स्टेशन, छावणी यांचे लोकेशनसह ५ फोटो पाठवा.' पोरं अभ्यासिकांच्या ग्रुपवर हेच एकमेकांना पाठवत आहेत.

आधी शेवटची ओळ, कारण गेलेले पैसे परत कमावता येतात. छावणी लष्कराचीच, मग तिचे फोटो लष्कर तुमच्याकडून कशाला मागेल? वरून बघायचं तर २०१९ साली सोडलेला भारताचा कार्टोसॅट-३ उपग्रह पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. वरून जे दिसत नाही ते म्हणजे गेटवरचा पहारा, भिंतीची उंची, पुलाच्या खांबांचा खालचा भाग, पाट्या. ते रस्त्यावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत येतं. लोकेशन चालू असेल तर त्याच फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळही नोंदली जाते. वेगवेगळ्या वेळचे असे फोटो जुळवले की पहारा कधी बदलतो तेही कळतं. ही माहिती हेराला लागते. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ च्या कलम ३ मध्ये संरक्षणाशी संबंधित हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत कैद आहे आणि हेतू परिस्थितीवरूनही ठरवता येतो. "मला नोकरी वाटली" एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर राहू नका.

मेसेजमधलं अमेरिकेबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. तिथे राखीव दलात आणि नॅशनल गार्डमध्ये हे पद आहे, '३५ जी' नावाचं. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे, असा साधारण हिशोब. पण त्याआधी सैनिकी प्रशिक्षण, मग ॲरिझोनातल्या फोर्ट हुआचुका इथे महिनोन्‌महिने या कामाचं शिक्षण आणि गोपनीयतेची कसून चौकशी. गोपनीय प्रतिमा बंद, सुरक्षित इमारतीतच बघायच्या. मोबाइल बाहेर ठेवायचा. घरबसल्या हा शब्द तिथेही नाही.

१५ दिवसांत काय शिकवणार? सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या प्रतिमेत एक ठिपका १० मीटरचा. अख्खा ट्रक त्यात एक फिकट डाग. चांगली प्रतिमा मिळाली तरी डोळा फसतो. हिवाळ्यात सकाळी साडेदहाला घेतलेल्या प्रतिमेत दौलताबादचा डोंगर बघा. उत्तर दिशा वर ठेवली की सावल्या वरच्या बाजूला पडतात. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय, त्यामुळे डोंगर खड्ड्यासारखा दिसतो. प्रतिमा उलटी फिरवली की पुन्हा डोंगर होतो. उंची काढताना सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा, म्हणजे तो क्षितिजापासून जितक्या अंशांवर आहे त्या कोनाचा, टॅन. पाण्याच्या टाकीची सावली २४ मीटर असेल तर सूर्य ४५ अंशावर असताना उंची २४ मीटर, ६० अंशावर असताना साडेएकेचाळीस. जमीन उतरती असेल तर सावली लांबते आणि आकडा चुकतो. असे शेकडो सापळे हाताखालून गेल्यावर माणूस तयार होतो.

अर्धवेळ गणवेश घालायचाच असेल तर प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी) आहे, १९४९ पासून. छत्रपती संभाजीनगरातली झाडं लावणारी १३६ इको बटालियन तिचीच, पण इको बटालियन मुख्यतः माजी सैनिकांच्या. अधिकारी व्हायला वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचा कामधंदा लागतो. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण, पगार बोलावलेल्या काळापुरताच.

पैसे भरून बसला असाल तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. फोटो पाठवले असतील तर चॅट खोडू नका. फोन तसाच घेऊन घरातल्या मोठ्या माणसासोबत स्वतःहून पोलीस ठाण्यात जा, ते दारात यायच्या आधी.