पांढरं ते आजारी? आधी पाणी शोधा

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एमआरआयची फिल्म घरीच वाचा. पांढरं ते आजारी, काळं ते सडलेलं. एक फोटो पुरतो, बाकीचे बिल वाढवायला. इंजेक्शन घेतलं की किडनी गेली.’ मी एमआरआयचं मशीन चालवतो. रिपोर्ट लिहिणं रेडिओलॉजिस्टचं काम, पण हा मेसेज वाचून घाबरलेली माणसं आधी माझ्याच खिडकीशी येतात.

परवा रावेरकडचे एक केळीवाले आईच्या मेंदूची फिल्म उन्हात धरून उभे. “मधी केवढं पांढरं आहे भो, गाठच ना?” मधलं ते फुलपाखरू म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या. तुमच्या-माझ्या डोक्यातही त्या आहेत. एकाच तपासणीत मशीन वेगवेगळ्या पद्धतींनी फोटोंच्या मालिका काढतं, टी-वन आणि टी-टू त्यातल्याच दोन. ती फिल्म टी-टूची होती, आणि टी-टूत पाणी पांढरंच दिसतं. त्याच बाईंच्या टी-वनमध्ये तेच फुलपाखरू काळं होतं आणि कवटीबाहेरची चरबी पांढरी.

असं होतं कारण मशीन रंग टिपत नाही. शरीरातल्या हायड्रोजनला रेडिओलहरींचा धक्का द्यायचा आणि तो किती वेळात जागेवर येतो ते ऐकायचं, एवढंच ते करतं. चरबी लवकर सावरते, पाणी रेंगाळतं. धक्के साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दिले आणि लगेच ऐकलं की टी-वन. दोन सेकंदांहून जास्त थांबून, उशिरा ऐकलं की टी-टू. म्हणून फिल्म हातात आली की आधी मेंदूतलं किंवा मणक्यातलं पाणी बघायचं, म्हणजे कोणती फिल्म ते निम्मं कळतं. निम्मंच म्हणतोय, कारण फ्लेअर नावाची मालिका टी-टूसारखीच असते, फक्त मोकळं पाणी मुद्दाम काळं करते. पोकळीच्या काठाची सूज त्या पाण्याच्या उजेडात झाकली जाऊ नये म्हणून. आणि हल्लीच्या वेगवान टी-टूत चरबीही बरीच पांढरी येते. हाडातली सूज शोधायची तर ती चरबी आधी दाबावी लागते. ते काम स्टिर नावाची मालिका करते.

‘काळं ते सडलेलं’ तर त्याहून वाईट. हाडाचं टणक कवच सगळ्याच मालिकांत काळं असतं. कमरेची गादी टी-टूत काळी पडते ती पाणी कमी झाल्यावर, आणि ते वयानुसार होतंच. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा 2015 साली एक मोठा आढावा निघाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. काळी गादी बघून ऑपरेशनसाठी शेत गहाण टाकू नका. पायात कळ जाते का, ताकद कमी झाली का, हे फिल्म सांगत नाही, ते अंगाला हात लावून बघावं लागतं.

इंजेक्शनच्या मुद्द्यात मात्र रवाभर खरं आहे. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो, आणि किडनी आधीच फार खराब असेल तर जपावं लागतं. म्हणूनच आम्ही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, विचारतो. धडधाकट किडनी त्याने जात नाही.

राहिला ‘एक फोटो पुरतो’. केळीवाल्यांच्या आईचा उजवा हात सकाळपासून लुळा होता. टी-टूवर मला तरी वेगळं काही दिसलं नाही. डिफ्यूजनवर, म्हणजे पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या मालिकेवर, मेंदूच्या डाव्या बाजूला तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. तिथलाही पांढरा रंग फसवतो, जुनी जखमसुद्धा तशी चमकते, म्हणून जोडीचा एडीसी नकाशा बघतात; पाण्याची हालचाल जिथे अडलेली, ती जागा त्यावर काळी दिसते. त्यावर तीच जागा काळी होती, म्हणजे लकवा ताजा. मुलगा फुलपाखराकडे बघत उभा होता तोवर रेडिओलॉजिस्टांनी वॉर्डात फोन लावलेला होता.