घोड्यापाशी भेटू

'या रविवारी चित्रप्रदर्शन' असा मेसेज ग्रुपवर पडला आणि त्याखाली अंगठे उमटू लागले. बारावा माझा. तो मी दिला नव्हता. मी चष्मा शोधत असताना बायकोने माझ्या फोनवरून परस्पर उमटवला. इतक्या सहजपणे पूर्वी फक्त सावकाराच्या कागदावर अंगठे उठत असत.

आमचा ग्रुप मुळात डोंबिवलीच्या एका बागेतल्या बाकाचा. गुडघे, सुना आणि पाणीकपात एवढेच विषय. पण ग्रुपमधल्या बाईंनी (निवृत्त मुख्याध्यापिका, कुणी मध्ये बोललं की त्या अजूनही बोलायचं थांबतात आणि नुसत्या बघत राहतात) जाहीर केलं, की महिन्यातून एकदा मुंबईत जाऊन काहीतरी सांस्कृतिक बघायचंच. पहिल्या खेपेला आम्ही राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. सोमवार होता. ते सोमवारी बंद असतं. दुसऱ्या खेपेला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. बुधवार होता. ते बुधवारी बंद असतं. दोन महिने आम्ही मुंबईतली कुलपं पाहिली. कुलपं चांगली होती.

म्हणून यंदा रविवार. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. तरीही 'साडेदहा, काळा घोडा, घोड्यापाशी' या निरोपाबरहुकूम अकरा जण घोड्यापाशी हजर झाले. बारावे नाना. त्यांना फोन लावला.

"कुठे आहात नाना?"

"घोड्यापाशी."

"आम्हीही घोड्यापाशीच आहोत!"

"दिसत नाही. हात वर करा."

आम्ही अकराच्या अकरा जणांनी हात वर केले. एक टॅक्सी थांबली.

"घोड्यावर राजा बसलाय का?" नानांनी विचारलं.

"नाही, घोडा रिकामा आहे."

"मग तो घोडा खरा नव्हे!"

नाना आयुष्यभर रेकॉर्ड विभागात होते, त्यामुळे त्यांना डुप्लिकेट चालत नाही. सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. आज चौकात आहे तो बिनस्वाराचा घोडा २०१७चा. निरोपात 'काळा घोडा' होतं, म्हणून नाना सरळ भायखळ्याला उतरून अस्सल घोड्यापाशी उभे होते. चूक म्हणावी तर त्यांचीही नव्हती. "तुम्ही सुरू करा, मी बसने येतो," म्हणाले. आम्ही घोड्यासोबत फोटो काढून घेतले आणि अकराला जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तसे आत शिरलो.

जहांगीर १९५२ सालची. आत जायला पैसे पडत नाहीत, हे कळल्यावर आमच्यातल्या काहींची कलेविषयीची आस्था तिथल्या तिथे वाढली. पण फुकट काहीच नसतं. इथे चित्रकार स्वतः हजर असतो. कोपऱ्यात खुर्ची टाकून, शेजारी अभिप्रायाची वही ठेवून, तो तुमच्याकडे बघत नसल्यासारखा बघत असतो. आणि मग माझा जुना प्रश्न उभा राहतो: चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं?

लवकर सरकलं तर त्या माणसाचा चेहरा पडतो. दोन वर्षं खपून काढलेलं असतं त्याने. आपण त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पाटीइतकाही वेळ देत नाही. जास्त रेंगाळलं तर तो आशेने उठतो आणि दरपत्रक आणतो. मग आपल्याला 'छे छे, नुसतं बघतोय' हे साडीच्या दुकानातलं वाक्य कलेच्या दालनात म्हणावं लागतं. यावर बायकोने तोडगा काढलाय: मनात वीस आकडे मोजायचे, दहाव्याला मान किंचित कलती करायची, पंधराव्याला दोन पावलं मागे जायचं. तो तिने गाडीतच सगळ्यांना शिकवून ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच चित्रासमोर अकरा जणांच्या माना एकदम कलल्या आणि अकरा जण एकदम दोन पावलं मागे आले. फक्त लेझीम नव्हते.

चित्राखाली 'अशीर्षक' लिहिलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "नाव ठेवायलाही जमलं नाही का?" बाई थांबल्या. बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, की नागपूरला जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याही चित्रांना बहुधा नाव नसे, आणि त्यांचं असंच एक चित्र २०२१च्या लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. दालनात शांतता पसरली. सगळे मनातल्या मनात डोंबिवलीतल्या टू बीएचकेने भागाकार करत होते. त्यानंतर आम्ही अशीर्षक चित्रांसमोर तीस आकडे मोजले.

निघताना वही माझ्यापुढे आली. आधीच्या पानांवर 'खूप छान', 'अप्रतिम' आणि एके ठिकाणी, का कोण जाणे, 'सुखी राहा'. मला काहीतरी जाणकार लिहायचं होतं. मी लिहिलं, 'रंगसंगती मोहक.' चित्रकाराने वाचलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, सगळं कोळशात आहे. काळं-पांढरं." मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. खरंच होतं. "असू दे," तो म्हणाला, "काल दोघांनी हेच लिहिलंय."

रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. या खेपेला उघडं होतं. तिथे कला मजल्यामजल्यांनी थेट घुमटापर्यंत चढत जाते आणि गुडघे तळमजल्यावर राहतात, एवढंच सांगतो. खाली आलो तेव्हा भूक लागली होती. जहांगीरमधलं 'समोवार' हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं याबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. तिथे कधीच न गेलेल्यांनी जास्त. मग वडापाव खाल्ले.

दुसरा वडा संपत आला तेव्हा नानांचा फोन आला. बस आलीच नव्हती. दोन तास ते घोड्यापाशीच उभे होते, आणि आवाजावरून चांगले खुशीत होते. राजाच्या टोपीवर किती कबुतरं मावतात, दुपारी घोड्याची सावली कुठवर येते, राजा आमच्या सोसायटीच्या खजिनदारासारखा कुठल्या बाजूने दिसतो, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाले, "बरं, इथल्याशी ताडून बघायचंय. तुमच्या घोड्याने कुठला पाय उचललाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी डावा म्हणालं, कुणी उजवा, वहिनी म्हणाल्या पाय उचललेलाच नाही. बाईंनी फोटो बघायला सांगितले. अकरा फोन निघाले, त्यात मिळून चाळीसेक फोटो. प्रत्येकात आम्ही अकरा जण ओळीने, दात दाखवत, घोड्याच्या पायांसमोर उभे.

"हॅलो?" नाना म्हणाले. "उजवा की डावा?"

"रेंज नाहीये, नाना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.