शीर आखडलेली नसते, कमी पडते

भात कापून मळे मोकळे झाले की टेनिस बॉलचे आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. मग मांडीच्या मागे हात धरून लंगडत बाहेर येणारे पोरही दिसायला लागतात. कडेला बसलेल्यांचं निदान ठरलेलं असतं: "शीर आखडली. स्ट्रेचिंग करीत नाय, मग काय होणार?" माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकतं, आणि त्यावरचा उपाय तर हमखास चुकतो.

मुळात ती शीर नव्हे. ते तीन स्नायू आहेत, एकत्र नाव हॅमस्ट्रिंग. बाकावर बसल्यावर खाली टेकतं त्या हाडापासून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. खुर्चीत बसून टाच जमिनीवर मागे दाबा आणि गुडघ्यामागे चाचपून बघा. बाहेरच्या अंगाला जाड दोरी लागेल, ती बायसेप्स फेमोरिसची. आतल्या अंगाला बारीक, ताणलेल्या सुतळीसारखी लागते ती सेमिटेंडिनोससची. तिसरा सेमिमेम्ब्रेनोसस तिच्याखाली दडलेला असतो.

गुडघा वाकवणं हे यांचं काम आपण शाळेत शिकतो. पण जोरात धावताना खरा भार उलट्या कामाचा असतो. पाय पुढे फेकला जातो, नडगी पुढे झेपावते, आणि पाऊल टेकायच्या आधी तिला आवरायचं असतं. होडीतून नांगराचा दोर एकदम सोडत नाहीत, हातात धरत धरत सोडतात, तसा हा स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो. पूर्ण वेगात तो जोर पुरला नाही की तुटतो. बहुतेकदा बायसेप्सच. म्हणून चोरटी तिसरी धाव घेताना नाहीतर सीमारेषेकडे बॉलमागे पळताना टक्कन होतं, उभ्या उभ्या फटका मारताना सहसा नाही.

कबड्डीतली दुखापत जरा वेगळी. बोनससाठी पाय लांब टाकलेला, गुडघा सरळ, कंबर वाकलेली, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो. इथे बऱ्याचदा वर, बसायच्या हाडाजवळ इजा होते. गंमत म्हणजे ही सुरुवातीला कमी दुखते आणि बरी व्हायला जास्त वेळ घेते, कधी कधी कित्येक महिने. "जास्त दुखत नाय ना, मग खेळ" हा सल्ला इथेच अंगाशी येतो.

आता स्ट्रेचिंग. काही आठवडे नियमित ताण दिला की पायाची बोटं धरता येतात, हे खरं. पण त्यात स्नायू फारसा लांब होत नाही, मुख्यतः ताण सोसायची सवय वाढते. लावणीच्या दिवसांत तासन् तास ओणव्याने आवा म्हणजे भाताची रोपं लावणाऱ्या बायांचे हात सहज जमिनीला टेकतात. त्यांना उद्या शंभर मीटर पळवलं तर तो वाकलेपणा त्यांची मांडी वाचवणार नाही. तेव्हा बोटं टेकतात का हे बघून संघ निवडणं मला तरी निरर्थक वाटतं. सामन्याआधी मिनिट-मिनिट पाय ताणून धरण्यापेक्षा वेग वाढवत 5-6 धावा घेतलेल्या बऱ्या.

पुळणीवरच्या सरावाचंही तसंच. मऊ वाळूत दम निघतो, पोटऱ्या भरतात, पण पूर्ण वेग येतच नाही. महिनाभर वाळूत पळलेला पोर सामन्याच्या दिवशी कडक मैदानावर पहिल्यांदा जीव तोडून पळतो. वाळू हवी तर ठेवा, पण आठवड्यातून दोनदा कडक जमिनीवर 30-40 मीटरच्या 4-6 धावा पूर्ण वेगाकडे नेत घ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती देऊन.

आणि नॉर्डिक नावाचा व्यायाम करा. यंत्र लागत नाही. घडी केलेल्या गोणपाटावर गुडघे टेका, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखं ठेवून हळूहळू पुढे झुका, जमेल तेवढं आवरत. आवरेना की हातांवर पडा आणि हातांनीच ढकलून वर या. बहुतेकांची कंबर मागे मोडते, तिथे सगळा फायदा जातो. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5 चे 2 सेट. दुसऱ्यात दोन दिवस, 6 चे 2. तिसऱ्यात तीन दिवस, 6 ते 8 चे 3. चौथ्यात 8 ते 10 चे 3. मग काही आठवडे 12, 10 आणि 8 चे तीन सेट, आणि हंगामभर आठवड्यातून एकदा. पहिल्याच दिवशी हौसेने 30 काढले तर दोन दिवस जिना उतरता येणार नाही, आणि पोरं कायमची सोडून देतात. 2019 मध्ये 8,000 हून जास्त खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात नॉर्डिक करणाऱ्या संघांत ही दुखापत जवळपास निम्मी निघाली.

मैदानावर आधी ओळखा: गोळा की फाटलंय? गोळ्यात स्नायू गठ्ठ होतो, पाय ताणला की दोन-चार मिनिटांत उतरतो. फाटलं असेल तर एका क्षणी, एका जागी टक्कन होतं आणि ताणलं की कळ वाढते. त्याचा अंगठा धरून पाय वर ओढू नका! पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक, दारू तिन्ही बंद. क्रेप बँडेज, सोसेल तेवढं सावकाश चालणं. बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं, मासळीच्या पेटीतला असला तरी चालेल. निळंकाळं दोन दिवसांनी गुडघ्यामागे उतरलं तर घाबरू नका, रक्त खाली उतरतं. पण चालताच येत नसेल, बसायच्या हाडाशी फट्कन आवाज आला असेल, तर डॉक्टर गाठा. 13 ते 17 च्या पोरांत स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच निघू शकतो. तिथे एक्स-रे हवाच.

परतण्याचं गणित रविवारच्या सामन्यावर बसवू नका. सर्वांत मोठा धोका आधी झालेल्या दुखापतीचाच असतो, आणि चालताना दुखत नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. दाबून दुखत नाही, दोन्ही पायांत जोर सारखा, आणि सरावात पूर्ण वेगाच्या धावा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी भीती न वाटता झाल्या, मगच नाव यादीत घाला. कप्तानाला राग आला तर येऊ दे.

ज्यांना एसटीच्या बाकावर तासभर बसलं की बुडाच्या हाडाशी ठणकतं, त्यांनी मात्र मांडीची मागची बाजू ताणायचं आधी थांबवावं. तिथे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा हाडावर दाबला जात असतो, आणि ओणवं होऊन दिलेल्या प्रत्येक ताणाने तो आणखी दाबला जातो.