क्विंटल मागितले, डिबगर बंद पडला

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या डिबगरनं, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून चुका शोधायच्या साधनानं, लई डोकं उठवलंय. २०१८ ला पायथॉनच्या ३.७ आवृत्तीत ब्रेकपॉइंट फंक्शन आलं, एका ओळीत प्रोग्राम थांबवता येतो, झकास. पण थांबवून बघायचं कसं?

लातूरच्या एका आडतीचा हिशोब लिहितोय. व्हेरिएबलची, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांची, नावं एका अक्षराची: सोयाबीनचे कट्टे ‘एन’, कमिशन ‘सी’, क्विंटल ‘क्यू’. कट्टे किती म्हणून ‘एन’ टाइप केलं, तर आकडा नाहीच, गडी पुढच्या ओळीवर. का तर ‘एन’ म्हणजे नेक्स्ट. ‘सी’ विचारावं तर कंटिन्यू, सगळा प्रोग्राम सुसाट. आणि क्विंटल बघायला गेलं की क्विट! वैतागून नुसतं एंटर दाबलं तरी मागचीच कमांड परत चालते. काहून? मी काय म्हणलो का तसं?

नावाआधी ‘पी’, म्हणजे प्रिंट, लावा नाहीतर उद्गारवाचक चिन्ह द्या, हे माहितीये हो. पण भर दुपारी, पंखा बंद, आडत्याचा फोनवर फोन, तेव्हा कुणाला सुचतंय? अन् शहाणे सांगतात, व्हेरिएबलची नावं मोठी ठेवा. म्हणजे खोड डिबगरची अन् बारसं आम्ही नव्यानं करायचं. निदान त्या नावाचं व्हेरिएबल समोर असेल तर एकदा विचार की बाबा, तुला नेमकं काय पाहिजे!