रिलेटिव्हिटीचा कोर्स सुधारताय? मग एवढं कराच

पदवीच्या पोरांना रिलेटिव्हिटी शिकवायचं तुमच्या गळ्यात पडलंच असेल तर श्रीगणेशा १८८७ च्या मायकेलसन-मॉर्ले प्रयोगापासूनच करा, आरसे, किरण, ईथर (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे ते माध्यम) सगळं तीन लेक्चर चघळा, म्हणजे जो ईथर नाहीच तो समजून घेण्यात पोरांचा दम निघतो आणि पोर्शनही सरकल्यासारखा दिसतो. आइन्स्टाइनचा १९०५ चा पेपर चुंबक आणि तारेपासून सुरू होतो हे चुकूनही बोलू नका, उगाच विषय कुठून निघाला ते कळायचं.

मग थेट लोरेन्ट्झ समीकरणं, म्हणजे एकाची वेळ-अंतरं त्याच्या सापेक्ष पळणाऱ्या दुसऱ्याच्या हिशोबात बदलणारी. फळाभर. वेग कायम ०.६ सी नाहीतर ०.८ सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग), कारण वर्गमूळ छान सुटतं, बाकीच्या वेगांनी निसर्गात जावं, परीक्षेत येऊ नये. मिन्कोव्स्कीच्या १९०८ च्या अवकाश-काळाच्या आकृत्या वगैरे काढू नका, पोरं नुसतं चित्र बघून उत्तर देतात आणि मग आपली आकडेमोड कोण करणार?

'एकाच वेळी' म्हणजे नक्की कोणाच्या घड्याळाने, हा मुद्दा तर घाईघाईत उरकाच. तरी मागच्या बाकावरून एखादी पोरगी विचारणारच, सर, १० मीटरचा खांब ०.६ सी ने आला की वेगामुळे आखडून ८ मीटरचा होऊन ८ मीटरच्या गॅरेजात मावतो म्हणता, पण खांबावर बसलं तर गॅरेजच ६.४ मीटरचं दिसणार ना, मग मावतो कसा? अशा वेळी घड्याळाकडे बघायचं (भिंतीवरच्या) आणि म्हणायचं, अगं, दोन्हीकडून विचार करायचा नसतो. पुढची-मागची दारं दोघांच्या हिशोबाने एकाच वेळी बंद होत नाहीत, एवढं एक वाक्य पुरलं असतं, पण मग लेक्चरच संपलं असतं की हो.

सेमिस्टरअखेर फीडबॅकमध्ये 'काही कळलं नाही' आलं तर वीस स्लाइड वाढवा. त्यात २०१९ चा कृष्णविवराचा फोटो पाहिजेच, कोर्स तिथपर्यंत जात नसला तरी. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात हेही टाका, फक्त गुरुत्वाकर्षणामुळे ४५ पुढे आणि वेगामुळे ७ मागे हा हिशोब पोरांना करू देऊ नका, करायला मजा येते आणि मजा यायला लागली की शिस्त बिघडते.

पेपरात 'लोरेन्ट्झ समीकरणं सिद्ध करा, १० गुण'. मागच्या बाकावरच्या पोरीला दहापैकी दहा पडतील, खांब मात्र अजून अर्धा गॅरेजाबाहेरच.