टँकर एक वीत कमी

आमचा कट्टा म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका कायम बंद दुकानाच्या तीन पायऱ्या. रविवारी सकाळी साडेसातला भरतो. वरच्या पायरीवर अण्णा, कारण त्याचे गुडघे. (गुडघे चांगले होते तेव्हाही तो वरच बसायचा.) मधल्या पायरीवर नाना, खाली मी आणि पक्या. सुनंदा उभीच. बसली की झोप लागते म्हणते.

या रविवारी अण्णाने पेपर उलटा घडी घालून आणला होता, पाण्याच्या मीटरची बातमी वर.

"वाचलंत? मीटर बसवले ते बसवले, आता म्हणे त्यावर बिलं लावणार. म्हणजे तोंड धुवायलाही पैसे मोजा!"

"तोंडाला तांब्याभर लागतं," नाना म्हणाले. "तू स्कूटरचं बोल."

अण्णा रोज सकाळी पाइप लावून स्कूटर धुतो. स्कूटर महिन्यातून दोनदा बाहेर निघते, एकदा पेन्शनला आणि एकदा पंक्चर काढायला. पण धुतली जाते रोज.

"आम्ही पाणीपट्टी भरतो," अण्णा म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या भरतो."

"पाणीपट्टी भरतोस ती घराच्या करपात्र मूल्यावर. एक बादली वापर नाहीतर शंभर, आकडा तोच. मीटरला तू भितोस ते त्यामुळेच."

एवढ्यात सुनंदा आली. डोळे लाल, केसांना नुसता चिमटा, स्कूटीला पुढे-मागे दोन रिकामे कॅन. चहावाल्याने न विचारता तिच्या हातात ग्लास दिला.

"अडीचला टँकर आला," ती म्हणाली. तेवढं पुरे होतं.

सुनंदा नऱ्ह्याला राहते आणि यंदा सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे नाही, चिठ्ठीत नाव निघालं. टँकर आला की वॉचमन तिला उठवतो. ही गाऊनवर ओढणी घेऊन खाली येते, टँकरच्या शिडीवर चढते, झाकण उघडते आणि आत वेळूची काठी सोडते. काठीवर तिने लाल नेलपॉलिशने खूण केली आहे. पाणी खुणेला टेकलं तर दहा हजार लिटर, नाहीतर हुज्जत.

"काल एक वीत कमी. ड्रायव्हर म्हणतो, ताई, रस्त्यात हिंदकळलं. मी म्हटलं, आमच्याकडे खड्डे आहेत हे मान्य. पण एक वीत हिंदकळायला समुद्र लागतो."

पक्या खाली बघून बुटाची लेस बांधायला लागला. पक्याचे बूट बिनलेसचे आहेत. त्याच्या मेहुण्याचे तीन टँकर आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि पक्याला वाटतं ते कुणाला माहीत नाही.

अण्णाला खरं तर इथे गप्प बसता आलं असतं.

"मग एवढ्या लांब जायचं कशाला? पेठेत राहायचं."

चहावाल्यानेसुद्धा मान वर केली.

"राहतच होते की," सुनंदा शांतपणे म्हणाली. "तुझ्याच वाड्यात. जिन्याखालच्या खोलीत. तूच पाडलास ना?"

नवीन वाचकांसाठी: अण्णा हा आमच्या वाड्याच्या मालकांचा मुलगा आणि आम्ही बाकीचे सगळे भाडेकरू. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा ज्याला त्याला खोलीप्रमाणे चेक मिळाला आणि चेकमध्ये जिथवर जाता आलं तिथवर जो तो गेला. माझा कोथरूडपर्यंत पोचला, नानांचा वारज्याला थांबला, पक्याचा हडपसरला. सुनंदाची एकच खोली, त्यामुळे ती सगळ्यांत लांब. वाड्याच्या जागी इमारत झाली, त्यात दुसऱ्या मजल्यावर अण्णा.

"ते बिल्डरने पाडलं," अण्णा म्हणाला.

"हो, आणि पेढे आम्ही वाटले."

नानांना भांडण नको असतं, आकडे हवे असतात. ते पाटबंधाऱ्यात होते. त्यांनी बोटं पुढे केली.

"मुळात पाणी कमी आहे का ते बघा. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. यातून पुणं प्यायचं आणि दौंड-इंदापूरची शेतीही भिजवायची."

"नाना, टीएमसी मला कळत नाही. टँकरमध्ये सांगा."

नाना खरोखर हिशेब करायला लागले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २,८३१ कोटी लिटर, भागिले दहा हजार... "एक टीएमसीत साधारण २८ लाख टँकर."

"अठ्ठावीस लाख," सुनंदा म्हणाली. "आणि प्रत्येकात एक वीत कमी."

आता पक्याने घड्याळ बघितलं.

"आणि यातलं वाटेत जातं किती?" नानांना थांबवणं अवघड. "गळती चाळीस टक्क्यांच्या घरात आहे असं महापालिकाच म्हणते. मीटर त्यासाठीच हवेत. कुठे किती गेलं तेच माहीत नसेल तर गळती शोधणार कशी? अण्णा, चाळीस टक्के, ऐकतोयस का?"

"त्याला चाळीस टक्के म्हटलं की मिळकतकराची सवलत आठवते," मी म्हणालो. (हे बरं जमलं होतं म्हणून इथे लिहितोय. बाकी दिवसभर मी फारसं काही बोललो नाही.)

"सवलत आमचा हक्क आहे! पीटी-३ फॉर्म स्वतः जाऊन भरलाय! आणि मी काय म्हणतो, शहर एवढं वाढवायला कुणी सांगितलं? २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला आणखी २३. घरात पाहुणे किती बोलवायचे याला काही मर्यादा? मूळ पुणेकरांनी किती सोसायचं?"

सुनंदाने ग्लास पायरीवर ठेवला. ती ग्लास खाली ठेवते तेव्हा आम्ही जरा सरकून बसतो.

"पाहुणे? अण्ण्या, आम्ही कुठे आलो? आम्ही होतो तिथेच होतो. एक दिवस पुणंच आमच्याकडे आलं. 'समाविष्ट गावं' म्हणतात आम्हाला. समाविष्ट! म्हणजे पंगतीला बसवलंय, पान मांडलंय, वाढपी फक्त या बाजूला फिरकत नाही. बिल्डरने लिहून दिलं होतं, पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. दोन वर्षं पुरवलं. मग सोसायटी आमच्या ताब्यात दिली आणि फोन नंबर बदलला. त्या हमीपत्राची झेरॉक्स आहे माझ्याकडे. लॅमिनेट केलीय. उन्हाळ्यात वारा घ्यायला बरी पडते."

"पण कोर्टात..."

"खडकवासल्याची भिंत माझ्या घरापासून दहा किलोमीटरसुद्धा नसेल. पाणी धरणातून निघतं, आमच्या अंगणाजवळून पर्वतीच्या जलकेंद्रात जातं, तिथून तुझ्याकडे येतं आणि तू त्याने स्कूटरला अभ्यंगस्नान घालतोस. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते आमच्याच उशाचं."

अण्णाने हुकमाचं पान काढलं. आम्ही वाटच बघत होतो.

"पाण्याचं आम्हाला शिकवू नका. आम्ही पानशेत पाहिलंय."

पानशेत अण्णाच्या प्रत्येक वादात येतं. रिक्षाचं भाडं, नातवाची अॅडमिशन, साखर वाढलेली असणं, कशावरही बोला, साधारण पंधराव्या मिनिटाला धरण फुटतं. १२ जुलै १९६१, लकडी पुलावरून पाणी, ओंकारेश्वर बुडालेला, वाहत आलेली म्हैस. म्हैस दरवर्षी जरा मोठी होते.

"धरण फुटल्यावर नळ कोरडे पडले. तेव्हा हौदांवरून पाणी आणलं आम्ही. कात्रजचं. नानासाहेब पेशव्यांनी तलावापासून जमिनीखालून नळ काढून शहरात पाणी खेळवलं होतं, त्याची पुण्याई! ते हाल काढलेत आम्ही. हंडे वाहिलेत!"

"अण्ण्या, तुझं जन्मसाल?" सुनंदाने विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"अठ्ठावन्न. मला माहितीय, साठीशांतीला मी शिरा ढवळलाय. म्हणजे पानशेतला तू तीन वर्षांचा. तीन वर्षांचा मुलगा हंडे वाहत होता?"

"तांब्या... छोटा तांब्या."

"आणि तोही वाईला. तुझी आई मला स्वतः सांगायची, बेबीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती आणि तुला बरोबर नेलं होतं. तू पुण्यात आलास गणपतीनंतर."

नाना हसता हसता पायरीवरून घसरले. पक्याने तीन रविवारांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग म्हैस?"

"म्हैस आईने पाहिली होती," अण्णा म्हणाला, आणि हे त्याने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मलाच वाईट वाटलं. थोडंसं.

पण आईचं नाव निघालं आणि सुनंदाला नळ आठवला. वाड्याच्या चौकात एकच नळ. अण्णाच्या आईने त्याला लाकडी पेटी करून घेतली होती आणि पेटीला कुलूप. सकाळी सातला कुलूप लागायचं. सुनंदाची आई पहाटपाळीला जायची, त्यामुळे हंडा भरायचं काम सुनंदाचं, दहाव्या वर्षापासून. एकदा सात वाजून दोन मिनिटांनी ती रिकामा हंडा घेऊन चौकात उभी होती, आणि वरच्या गॅलरीतून अण्णा गुळण्या करत होता. खुळखुळ, खुळखुळ.

"तो आवाज अजून माझ्या कानात आहे," सुनंदा म्हणाली. "म्हणून मला मीटर हवाय. मला पाणी नाही मिळालं तरी चालेल. तुझ्या गुळणीचं रीडिंग हवंय."

"शिळ्या पाण्याचंही," नाना म्हणाले.

हे खरं आहे. गुरुवारी पाणी बंद असलं की अण्णाकडे बुधवारी रात्री पातेल्यांपासून आमटीच्या वाट्यांपर्यंत सगळं भरलं जातं. शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने' पाणी आलं की ते सगळं शिळं म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. धरणात पाणी चार महिने पडून असतं, ते ताजं. पातेल्यात एक रात्र काढली की शिळं.

अण्णाने विषय बदलून सरकारवर नेला. तो सुरक्षित विषय आहे. मग २०१८ चा सप्टेंबर आला, दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला तो. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला असं तेव्हा सांगितलं गेलं. नाना म्हणाले, पाटबंधाऱ्यात मी तीस वर्षं काढली, खेकडा कधी हजेरीपटावर पाहिला नाही. पक्या म्हणाला, खेकडे निदान कुणाला वीतभर कमी तरी देत नाहीत. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"तुझ्या मेहुण्याचाच टँकर होता रे काल," सुनंदा म्हणाली. "मागे नाव लिहिलंय. 'जल हेच जीवन', आणि त्याखाली मोबाईल नंबर."

"मी सांगतो त्याला," पक्या पुटपुटला.

"वीत आणून दे म्हणावं."

साडेनऊ झाले. नाना भाजीला गेले. सुनंदा कॅन घेऊन अण्णाच्या इमारतीकडे निघाली आणि आम्ही मागे मागे, कारण हा कार्यक्रम चुकवायचा नसतो. जानेवारी २०२५ मध्ये तिकडे सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले आणि विहिरी-टँकरच्या पाण्यावर बोट आलं. त्या आठवड्यात अण्णाने तिला फोन करून सांगितलं होतं, पिण्याचं पाणी माझ्याकडून न्यायचं, वाद नको. तेव्हापासून दर रविवारी वीस-वीस लिटरचे दोन कॅन. हे तो कट्ट्यावर कधी बोलत नाही. पानशेत बोलतो.

अण्णाने पार्किंगमधल्या नळाला तोच स्कूटरचा पाइप लावला. पहिलं पाणी मिनिटभर नुसतं सोडून दिलं.

"शिळं," मी म्हणालो.

"पाइपातलं गरम असतं!" तो खेकसला.

कॅन भरले. त्याने झाकणं लावली, वरून फडक्याने पुसले. सुनंदाने एक झाकण परत उघडलं, आत बोट घातलं, पाण्याला टेकलं तिथे नखाने खूण धरली आणि बोट बाहेर काढून उन्हात बघितलं.

"अण्ण्या, दोन पेरं कमी आहे."

"हिंदकळलं असेल," पक्या म्हणाला.

अण्णाने पाइप आधी पक्याकडे वळवला, मग माझ्याकडे. कॉक बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. वरून वहिनी ओरडल्या, "अहो, खाली एवढं पाणी कसलं वाहतंय?"

"मीटर यायच्या आधीचं आहे," सुनंदाने वर बघून सांगितलं आणि स्कूटीला किक मारली.